सात नंबरची बाटली

साओ ब्राझ वस्ती
६ फेब्रुवारी १९९८

लेनिर,

देव तुला सुखी ठेवो. विमानवाला मीठ उतरवून तासाभरात उडणार आहे, तेवढ्यात हे लिहितो. अक्षराला हसू नकोस.

पाणी यंदा लवकर चढलं. गुरं उंचवट्यांवर नेता नेता आमचे घोडे महिनाभर पोटापर्यंत पाण्यात होते. त्यात माझ्या बिग्वाला ती खवळलेली जखम झाली. डाव्या पुढच्या पायाला, गुडघ्याच्या खाली. आधी लिंबाएवढी गाठ होती, आता माझ्या पंजाएवढं मांस वर आलंय. दाबलं की पिवळे खडे बाहेर येतात. खाज एवढी की तो दातांनी स्वतःचा पाय फाडतो. मान खाली जाऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात काठ्यांची चौकट बांधली आहे. माझा जोडीदार कोंपाद्रे झोझिमो, त्याच्या पितांगा घोडीलाही तेच, पोटाखाली. सकाळी पाला थंड पाण्यात भिजवून तेरेरे प्यायला बसलो की तो पात्रात पाणी ओतायचंच विसरतो.

मालक येऊन पाहून गेले. म्हणाले, "अबादियो, मे महिन्यात पाणी ओसरेपर्यंत बघू. तोवर सुधारला तर ठीक, नाहीतर गोळी घालून सोडवू त्याला." वाईट मनानं नाही बोलले. पण मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. आता माझ्यासाठी नवा घोडा कोण तयार करणार? बिग्वा गेला की मला फाटकापाशी एक खुर्ची देतील आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दार उघडायला सांगतील. बसून मरण्यासारखं आहे ते.

तू ह्याच जखमेवर काम करतेस असं नाताळात सांगत होतीस. तेव्हा मी जेवून अर्धा झोपेत होतो, त्याची आता लाज वाटते. काही औषध असेल तर पाठव.

अबादियो मामा

*

कांपो ग्रांदे
१८ फेब्रुवारी १९९८

मामा,

आशीर्वाद असू द्या.

तुमचं पत्र मिळाल्यापासून मी दोनदा उत्तर लिहून फाडलं. औषध आहे. नुसतं "पाठवते" म्हणून मोकळी झाले असते, पण तसं करता येत नाही, आणि का ते तुम्हाला सांगणं माझं कर्तव्य आहे.

ही जखम पाण्यातल्या एका अगदी बारीक जिवामुळे होते. साचलेल्या कोमट पाण्यात, कुजत्या गवतावर तो वाढतो आणि कातडीवरच्या एखाद्या ओरखड्यातून आत शिरतो. आम्ही तो बरणीत वाढवतो, मारतो, वाटतो आणि त्याचीच सुई देतो. मेलेला शत्रू टोचला की अंग जिवंत शत्रूला ओळखायला शिकतं, अशी आमची कल्पना आहे. कल्पना खरी की खोटी हे अजून कुणालाच ठाऊक नाही. ते कळावं म्हणून पाच वस्त्यांवर प्रत्येकी दोन घोडे घेतले आहेत. प्रत्येक जोडीत एकाला औषध, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी, दिसायला तसंच दुधाळ केलेलं. कुठल्या नंबरात काय आहे ते आमच्या विभागप्रमुखांनी, डॉ. तेओफिलोंनी, पाकिटांत बंद करून कपाटात ठेवलंय. ना ते तुम्हाला कळणार, ना मला.

पाचवी वस्ती अजून ठरली नव्हती. मी तुमचं नाव सुचवलं. सुचवताना माझा हेतू काय होता, हे मी स्वतःला विचारते आहे. तुम्हाला मदत करायची होती, की हाताशी दोन घोडे आयते मिळाले म्हणून बरं वाटलं? दोन्ही खरं असावं. बिग्वाच्या वाट्याला पाणी येण्याची शक्यता अर्धीअर्धी आहे. नको वाटलं तर पेटी तशीच परत पाठवा, मला मुळीच राग येणार नाही.

ठेवून घेत असलात तर ऐका. सात नंबरच्या सहा बाटल्या बिग्वाच्या, आठ नंबरच्या सहा पितांगाच्या. दर शनिवारी एकेक, मानेच्या कातडीखाली. बाटल्या गॅसच्या फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. जखमेला दुसरं काहीही लावायचं नाही. आणि दोन रिळं पाठवते आहे. जखमेभोवती दोरा फिरवायचा, जिथे टोकं जुळतील तिथे कापायचा, पाकिटात घालून पाठवायचा. लाल बिग्वाचा, पांढरा पितांगाचा. मी इथे मोजीन.

लेनिर

*

साओ ब्राझ
६ मार्च

लेनिर,

देव तुला सुखी ठेवो. पेटी मिळाली. परत पाठवत नाही.

झोझिमोला सगळं समजावून सांगितलं. त्यानं दोन्ही नंबरांच्या बाटल्या शेजारी ठेवून बघितल्या. मग म्हणाला, "म्हणजे तुझ्या भाचीनं आपल्या दोघांच्या मध्ये नाणं उडवलंय." मी म्हटलं, तसंच. मग तेरेरेचं पात्र दोनदा फिरलं आणि आम्ही कामाला लागलो. दोन सुया झाल्या, दोघांनाही. पितांगा लाथ मारते, बिग्वा माझ्याकडे अशा नजरेनं बघतो की सुई टोचणारा मी नाहीच.

दोरे पाठवतो आहे, तारखा चिठ्ठ्यांवर आहेत. पहिले दोन सुईच्या आधीचे. काही फरक आहे का ते मला कळत नाही. माझे डोळे लबाड झालेत, त्यांना जे हवं तेच दिसतं.

अबादियो मामा

*

कांपो ग्रांदे
१९ मार्च

मामा,

आशीर्वाद असू द्या.

दोरे मोजले. लाल एकेचाळीस सेंटिमीटर होता, आता एकोणचाळीस. पांढरा बावन्न होता, आता पन्नास. दोन्ही सारखेच कमी. इतका फरक हात थरथरल्यानंही पडू शकतो.

बाकीच्या वस्त्यांवर जोड्या फुटायला लागल्या आहेत. एकाची जखम आकसते, दुसऱ्याची पसरते. गेल्या आठवड्यात तापेरा वस्तीवरचा करडा घोडा गेला. त्याच्या वाट्याला काय होतं ते मलाही माहीत नाही, बिग्वाच्या वाट्याला काय आहे तेही नाही. अंदाज मात्र सगळेच करतात.

एक विचारते, रागावू नका. तुम्ही जखमांना काही लावता का? तंबाखूचं पाणी, जळकं तेल, क्रेओलिन? दोन्ही घोडे एकाच चालीनं सुधारत असतील तर त्याला काही कारण असणार. लावत असाल तर सांगा, मी ओरडणार नाही. फक्त वहीत तसं लिहावं लागेल.

लेनिर

*

साओ ब्राझ
३ एप्रिल

लेनिर,

देव तुला सुखी ठेवो, आणि थोडा विश्वासही देवो.

काही लावलेलं नाही. क्रेओलिनचा डबा मी स्वतः स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवला आणि शिडी झोझिमोला दिली. कोकरासारखे वागतोय आम्ही.

बिग्वाची खाज थांबली. गेल्या गुरुवारी गळ्यातली चौकट काढली. त्यानं मान खाली घातली, पाय हुंगला आणि गवत खाऊ लागला. मी तिथेच बादली पालथी घालून बसलो आणि त्याचं खाणं बघत राहिलो. खडे सुटून पडतात, काड्यापेटीत जमवलेत. पितांगाही लाथ जोरात मारायला लागली आहे.

सुया संपल्या. दोरे सोबत.

अबादियो मामा

*

कांपो ग्रांदे
१५ एप्रिल

मामा,

आशीर्वाद असू द्या. हे पत्र संपल्यावर तो मागे घ्यावासा वाटला तरी चालेल.

लाल दोरा अठ्ठावीस. पांढरा छत्तीस. मी तीनदा मोजले.

गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की बिग्वाच्या वाट्याला काय आहे ते मला माहीत नाही. ते खोटं होतं. तापेराचा घोडा गेल्याची बातमी सोळा मार्चला आली. दुपारी डॉ. तेओफिलो जेवायला गेले होते, कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलावर होती. मी तुमच्या वस्तीचं पाकीट उघडलं. फक्त तेवढंच. सात नंबर म्हणजे पाणी, मामा. बिग्वाला आम्ही मिठाचं पाणी टोचत होतो. मी पाकीट पुन्हा चिकटवलं, हात धुतले, आणि तीन दिवसांनी तुम्हाला ते शहाणपणाचं पत्र लिहिलं.

तेव्हाच औषध पाठवायला हवं होतं, किंवा पाकीट उघडायलाच नको होतं. मी दोन्हींतलं एकही केलं नाही. रोज वहीत त्याची कारणं लिहीत गेले. कारणं चांगली होती. आता वाचली की एखाद्या वकिलानं लिहिल्यासारखी वाटतात.

आता दुसरं. तुम्ही लिहिता की बिग्वाची खाज थांबली. पाण्यानं ही खाज थांबत नाही. निदान मी अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. मला आठवतं, मी बारा वर्षांची असताना नन्सच्या शाळेत होते आणि तुम्ही वर्षभर पत्रांतून कळवत होतात की माझी घोडी मेलोसा छान आहे, गवत खाते, मला विचारते. मी सुट्टीत आले तेव्हा तिला जाऊन दहा महिने झाले होते. तुम्ही म्हणालात, पोरीला परीक्षा होती. मामा, मी आता त्रेचाळीस वर्षांची आहे. तुम्ही लाल दोरा थोडा आखूड कापत असाल, मला वाईट वाटू नये म्हणून, तर कृपा करून आता थांबा. बिग्वा खरंच कसा आहे ते सांगा.

सोबत एक पेटी आहे. तिच्यावर नंबर नाही. ते खरं औषध आहे, सहाही बाटल्या बिग्वाच्या. मालकांची मुदत जवळ आली आहे, ताबडतोब सुरू करा. डॉ. तेओफिलोंना मी आज सकाळी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. नंतर एवढंच म्हणाले, "पेटी पाठव. बाकीचं नंतर बोलू."

लेनिर

*

साओ ब्राझ
१ मे

लेनिर,

देव तुला सुखी ठेवो. आशीर्वाद मागे घ्यायची माझ्याकडे पद्धत नाही.

तुझं पत्र मी गोठ्यात उभ्यानं वाचलं. मग झोझिमोला वाचून दाखवलं. तो आधी हसला आणि मग टोपी काढून हातात धरून बसला. म्हणाला, "कोंपाद्रे, आता लिही बाबा तिला." म्हणून लिहितो.

दोरे खरे आहेत. मेलोसाच्या वेळचं माझं चुकलं होतं, ते मी त्याच सुट्टीत तुझं तोंड बघून शिकलो. ह्या वेळी एकही दोरा आखूड कापला नाही. पण तुझ्यापासून एक गोष्ट लपवली.

पेटी आली त्या शनिवारी मी सात नंबरची बाटली घेऊन बिग्वाकडे निघालो आणि झोझिमो आठ नंबरची घेऊन पितांगाकडे. अर्ध्या अंगणात दोघंही थांबलो. कुणी आधी थांबलं ते सांगता येत नाही. मी चाळीस वर्षं त्या माणसाबरोबर सकाळी एका पात्रातून, एका नळीनं तेरेरे पितोय. पात्र हातात आलं की आपला घोट घ्यायचा आणि पुढे द्यायचं. स्वतःजवळ धरून बसणारा माणूस आमच्यात बसत नाही. तू लिहिलं होतंस की दोघांपैकी एकाकडे नुसतं पाणी आहे. म्हणजे एकाचा घोडा चालणार आणि दुसऱ्याचा सडणार, आणि आम्ही रोज सकाळी समोरासमोर बसून पाणी ओतणार. ते जमणारं नव्हतं. झोझिमो म्हणाला, "अर्धंअर्धं?" मी म्हटलं, अर्धंअर्धं.

म्हणून सहाही शनिवारी दोन्ही बाटल्या निम्म्यानिम्म्या केल्या. अर्धी सात आणि अर्धी आठ बिग्वाला, तशीच पितांगाला. सुईच्या नळीवर रेघा असतात, त्या बघून नीट मोजून. तुला सांगितलं नाही, कारण तू "असं नाही करायचं" म्हणाली असतीस, आणि मग तुझं ऐकावं लागलं असतं.

तुझं काम त्यात मोडलं हे आम्हाला आज कळतंय. तू विचारलं होतंस, काही लावता का म्हणून. मी "नाही" असं लिहिलं, ते खरंच होतं. पण तुला काय विचारायचंय ते मला कळलं होतं, आणि मी शिडीचा विनोद केला. त्याची मला शरम वाटते.

मालक परवा आले. बंदूक आणली नव्हती. बिग्वाचा पाय उचलून बघितला आणि विचारलं, काय लावलं? मी म्हटलं, भाचीला विचारा. म्हणाले, ह्या घोड्याला मुदत नको आता.

तुझी बिननंबरची पेटी परत पाठवतो, सील तसंच आहे. बिग्वाला तिची गरज नाही. जिथे कुणाला नुसतं पाणी मिळालं असेल तिथे पाठव.

दोरे सोबत. ह्यांना तरी नीट मोज.

अबादियो मामा

*

कांपो ग्रांदे
१३ मे

मामा,

आशीर्वाद असू द्या.

लाल दोरा चौदा सेंटिमीटर आहे.

तुमचं पत्र वाचून मी आधी रागावले. असे दोन घोडे मिळायला वर्ष लागतं, असं वहीत लिहिलं. त्याच्याखाली लिहिलं की मी स्वतः पाकीट उघडलं, ते कुठल्या तोंडानं बोलते आहे? तुम्ही शेजाऱ्यासाठी नियम मोडलात. मी कुणासाठी मोडला? पाकीट उघडून मी कुणाला काहीच दिलं नाही, फक्त जाणून घेतलं.

पत्र घेऊन डॉ. तेओफिलोंकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "लेनिर, तुझ्या घराण्यात नियम पाळणारं एक तरी माणूस आहे का?" मी म्हटलं, मेलोसा पाळायची. ते हसले नाहीत, पण खुर्ची पुढे केली. ठरलं ते असं. तुमची वस्ती प्रयोगातून वगळली. अहवालात स्पष्ट लिहायचं की पाकीट मी उघडलं आणि बाटल्या वाटून दिल्या गेल्या. मुख्य नाव माझं होतं, ते आता त्यांचं असेल. मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. संध्याकाळी थोडं वाटलं.

मग त्यांनी उरलेल्या चार वस्त्यांची पाकिटं माझ्यासमोर उघडली. जे चार घोडे सुधारले, ते चारही औषधाचे. पाण्याचे चार, त्यांतला तापेराचा गेला, बाकीचे तीन खंगलेत. त्या तिघांना आता औषध सुरू केलंय, आणि तुमची परत आलेली पेटी त्यांतल्या एकाकडे कालच रवाना झाली.

मी उठायला लागले तेव्हा ते म्हणाले, "बस. तुझ्या मामांनी एक प्रश्न विचारलाय, तो तुला दिसत नाहीये." खरंच दिसला नव्हता. बिग्वाला आणि पितांगाला दर शनिवारी अर्धंच औषध गेलं, मामा. बाकीचं पाणी. तरी त्यांच्या जखमा पूर्ण मात्रा मिळालेल्या घोड्यांइतक्याच आकसल्या. आमची एक बरणी तयार व्हायला सात आठवडे लागतात आणि पुरात मागणी पुरवता येत नाही. अर्ध्यानं भागत असेल तर त्याच बरणीत दुप्पट घोडे उभे राहतील.

दोन घोड्यांवरून काही सिद्ध होत नाही. तुमच्याकडच्या जखमा ताज्या होत्या, तुमचे घोडे कष्टाळू आहेत, आणखी दहा कारणं असू शकतात. पण विचारायला हवं.

एकोणतीस तारखेच्या विमानानं मी येते आहे. काड्यापेटीतले खडे टाकून देऊ नका.

लेनिर

*

कांपो ग्रांदे
२५ जून

मामा,

आशीर्वाद असू द्या.

तुमच्याकडून येऊन तीन आठवडे झाले आणि अजून माझ्या बुटांना तुमच्या अंगणाची माती आहे. पुसत नाही.

एक गोष्ट तिथे बोलायची राहिली. पहिल्या सकाळी झोझिमोंनी पात्र भरून मला दिलं. मी घोट घेतला आणि सवयीनं हातात धरून पाण्यातल्या जिवाबद्दल बोलत राहिले. तुम्ही दोघं माझ्या हाताकडे बघत होता. मला कळायला बराच वेळ लागला. शहरात मी एकटीच पिते.

नव्या प्रयोगाला परवानगी मिळाली. पुढच्या पुरात, बारा वस्त्या, चोवीस घोडे. काही घोड्यांना पूर्ण मात्रा, काहींना अर्धी. कागद मी लिहिला. "नुसतं पाणी" हा रकाना मी ठेवलाच नाही. मला वाटलं डॉ. तेओफिलो हरकत घेतील. त्यांनी म्हटलं, औषध पाण्यापेक्षा बरं हे आता माहीत आहे. माहीत असलेलं पुन्हा विचारण्यासाठी घोडा मारायचा नसतो. किल्ली ह्या वेळी ते खिशात ठेवणार आहेत. मीच तसं सुचवलं.

तुमच्या वस्तीला घेऊ की नको? खरं सांगा. वाटून द्याल का?

लेनिर

*

साओ ब्राझ
२४ जुलै

लेनिर,

देव तुला सुखी ठेवो.

परवाच परतलो. नऊशे गुरं, अकरा दिवसांची वाट. मी बिग्वावर पुढे, झोझिमो पितांगावर मागे. नदी उतरताना बिग्वा नेहमीसारखा नाकपुड्यांपर्यंत पाण्यात गेला आणि मला कमरेपर्यंत भिजवून वर आला. पलीकडे गेल्यावर उतरून त्याचा पाय तपासला. जिथे जखम होती तिथे केस पांढरे उगवलेत, तळव्याएवढा ठिपका. पितांगाच्या पोटाखालीही तसाच. झोझिमो म्हणतो, आता चोरीला गेले तरी ओळखू येतील. मालकांनी फाटकासाठी दुसरा कुणीतरी शोधलाय.

तू विचारलंस त्याचं उत्तर. आम्ही दोघं त्यावर तीन सकाळी बोललो. कुणालाच नुसतं पाणी नसेल तर वाटायचं काही कारण नाही. बाटलीवर जो नंबर असेल तो ज्याचा त्याला देऊ. झोझिमोनं टोपीवर हात ठेवून शब्द दिलाय, माझा तू धरून चाल. घे आम्हाला.

आणि तू पात्र हातात धरून बसलीस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. झोझिमोनं नंतर विचारलं, कोंपाद्रे, ती एवढं कुणाशी बोलत होती? मी म्हटलं, स्वतःशी, लहानपणापासून तशीच आहे. तो म्हणाला, मग तिला अधूनमधून इथे येऊ दे, आम्ही मधूनच पात्र मागत जाऊ.

पाकिटात पांढरा दोरा नाही, लालही नाही. मोजायला काही उरलं नाही. दोन्ही रिळं परत पाठवतो आहे. पुष्कळ शिल्लक आहे त्यांत, दुसऱ्या घोड्यांना लागेल.

अबादियो मामा